मसाल्याच्या डब्यातली हळद आणि कॅप्सूलमधली हळद

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६२. थायरॉईडची गोळी कित्येक वर्षं चालू आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. गेल्या वर्षभरात त्यांच्या कपाटात अश्वगंधाच्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, मोरिंगा पावडर, गुळवेलीचा रस, कारलं-जांभळाचा रस आणि स्पिरुलिना या शेवाळाच्या गोळ्या जमा झाल्या. मुलीने विचारलं तर उत्तर मिळालं, "झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?" हे चालू द्यावं की बंद करावं, आणि घरोघरी अचानक या वनस्पतीजन्य पूरकांचं एवढं पेव का फुटलंय, असं मुलीला विचारायचं आहे.

आधी करायचं काय ते सांगते, कारणं मागाहून. गुळवेलीचा रस आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आजपासून बंद करा. अश्वगंधाही बंद करा आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक) तपासून घ्या. कारलं-जांभळाचा रस ग्लिमेपिराइडसोबत, साखर मोजल्याशिवाय आणि डॉक्टरांना न सांगता, अजिबात नको. मोरिंगा आवडत असेल तर दुपारच्या जेवणात घ्या, सकाळी थायरॉईडच्या गोळीच्या आसपास नको. स्पिरुलिना घेतली काय आणि न घेतली काय, बी-१२ मात्र वेगळं तपासायला हवं.

मी पुण्यात पोट आणि यकृताच्या आजारांवर उपचार करते. पूरकं घेऊन ज्यांना त्रास होतो तेच माझ्याकडे येतात. ज्यांना काही होत नाही, असे बहुसंख्य लोक माझ्यापर्यंत पोचत नाहीत. माझं म्हणणं वाचताना एवढं लक्षात ठेवा. पण कावीळ होऊन दाखल झालेल्या माणसाला "कुठली औषधं घेता?" असं विचारलं की "काहीच नाही" हे उत्तर येतं आणि दुसऱ्या दिवशी घरचे पिशवीभर डब्या घेऊन येतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की गप्प बसवत नाही.

हे लोण पसरलं त्यामागे भाबडेपणा आहे असं मला वाटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत काढा प्रत्येक घरात उकळत होता. रोगप्रतिकारशक्ती वाढवायला हवी ही भीती तेव्हा मनात बसली आणि साथ ओसरल्यावरही ती गेली नाही. शाकाहारी घरांत पूर्वी कॅप्सूलच्या जिलेटिनच्या कवचाची अडचण असायची. आता सेल्युलोजची शाकाहारी कवचं आली, डबीवर हिरवा ठिपका आला, ती अडचण संपली. अश्वगंधा, शतावरी, आवळा ही नावं आजीच्या तोंडची, त्यामुळे परकेपणा नाही. साठीच्या आसपास गुडघे दुखतात, झोप लागत नाही, थकवा येतो, आणि डॉक्टरांच्या तपासणीत या तक्रारींना वेळच मिळत नाही. "वय झालं आता" एवढं ऐकून परत आलेल्या बाईला फोनवर कोणीतरी तिच्याच भाषेत, तिच्याच दुखण्याबद्दल, दहा मिनिटं बोलतं. ती डबी मागवणारच. हा आम्हा डॉक्टरांच्या कामातला दोष आहे, म्हणून तुमच्या आईंना रागावू नका. रागावलं की डब्या कपाटातून उशीखाली जातात.

आता मुख्य गोष्ट. या वनस्पती आपल्या ओळखीच्या आहेत, पण ज्या रूपात त्या विकल्या जातात ते रूप ओळखीचं नाही. हळदीचंच घ्या. हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं (कर्क्युमिनॉइड्स) साधारण ३ ते ५ टक्के असतात. आमटी, भाजी, पोह्यांत दिवसभरात दोन-तीन ग्रॅम हळद पोटात गेली तरी कर्क्युमिन शंभर-दीडशे मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही, आणि त्यातलंही बरंचसं आतड्यातून न शोषलं जाता बाहेर पडतं. बाजारातली नेहमीची कॅप्सूल असते ५०० मिलिग्रॅम अर्काची, त्यात कर्क्युमिनॉइड्स ९५ टक्के. दिवसाला दोन घेतल्या तर ९५० मिलिग्रॅम, म्हणजे २० ते ३० ग्रॅम हळदीतलं सगळं सत्त्व. सांगलीच्या पेठेतली उत्तमातली उत्तम हळद आणली तरी एवढी रोज कोणी खाणार नाही. खाद्यपदार्थांतल्या रंगद्रव्यांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली कर्क्युमिनची रोजची स्वीकारार्ह मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या बाईला १८० मिलिग्रॅम.

त्यावर आणखी एक भर. कर्क्युमिन नीट शोषलं जात नाही म्हणून बऱ्याच कंपन्या त्यात मिऱ्यांमधलं पायपरिन घालतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं, की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर माणसाच्या शरीरातली त्याची उपलब्धता सुमारे २० पट वाढते. जाहिरातीत हा आकडा अभिमानाने छापतात. मला तो वाचून काळजी वाटते. पायपरिन हे आतड्यातली आणि यकृतातली जी विकरं (एन्झाइम्स) परक्या द्रव्यांचा निचरा करतात, त्यांचाच वेग कमी करतं. त्यामुळे हळदीबरोबर माणूस घेत असलेल्या इतर काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. फिटवरचं फेनिटॉइन आणि रक्तदाबावरचं प्रोप्रानोलॉल ही त्यातली अभ्यासलेली उदाहरणं.

इटलीत हळदीची पूरकं घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या नोंदी २०१८-१९ पासून जमू लागल्या. २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने अशा पूरकांवर इशारा छापणं बंधनकारक केलं आणि "यकृतासाठी उपयुक्त" असा दावा करायला मनाई केली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या संशोधन-जाळ्याने हळदीमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांचा अहवाल दिला. त्यातल्या ७ जणांमध्ये एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकप्रकार सापडला. ग्रीन टीच्या अर्काने यकृत बिघडलेल्यांमध्येही हाच प्रकार वारंवार दिसतो. शेजारच्या काकूंना वर्षभरात काही झालं नाही आणि आपल्या आईला दोन महिन्यांत कावीळ झाली, याचं निदान एक कारण यातून कळतं. शेजारणीचा अनुभव खोटा नसतो, तो फक्त तिच्या शरीराचा असतो. डोळ्यांना दिसणारी कुठलीही खूण नसल्यामुळे आपलं शरीर कोणत्या गटातलं ते आधी सांगता येत नाही.

गुडघेदुखीवर हळदीचा अर्क थोडाफार आराम देतो असं लहान चाचण्यांमध्ये दिसलं आहे, आणि वेदनाशामक गोळ्यांनी ज्यांचं पोट किंवा मूत्रपिंड बिघडतं त्यांना ही गोष्ट महत्त्वाची वाटणं साहजिक आहे. डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक आठवड्यांसाठी, यकृताच्या तपासण्या करत कोणी घेत असेल तर माझी हरकत नाही. पण पित्ताशयात खडे असतील तर नको, कारण कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तरी नको. आणि तुमच्या आईंसारखं "तब्येतीला चांगलं" म्हणून वर्षभर तर नकोच.

गुळवेलीबद्दल लिहिताना मला माहीत आहे की अनेकांना हे आवडत नाही. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात पाहिलेल्या ६ रुग्णांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली; गुळवेल घेतल्यानंतर या सगळ्यांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असंही सुचवलं. गल्लत होते हे खरं आहे. पण पुढे १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा मोठा अहवाल आला. त्यात अनेकांच्या यकृताची सूज स्वयंप्रतिकार प्रकारची होती: शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. "प्रतिकारशक्ती वाढवा" या घोषणेत जे कोणी सांगत नाही ते हे, की काही माणसांत ही शक्ती आधीच चुकीच्या दिशेने वळलेली असते आणि तिला चेतवणं धोक्याचं असतं. थायरॉईड मंदावण्याचं एक मोठं कारण स्वयंप्रतिकारच आहे. ज्याला असा एक विकार आहे त्याला दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून थायरॉईड, संधिवात, सोरायसिस, कोड असणाऱ्यांनी गुळवेलीच्या वाटेला जाऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

अश्वगंधाची गोष्ट थोडी वेगळी. ताण आणि झोप यांसाठी मुळाच्या अर्काच्या चाचण्या झालेल्या आहेत, बहुतेक दिवसाला ३०० ते ६०० मिलिग्रॅम, आठ ते बारा आठवडे, आणि त्यांत काही फायदा दिसतो. चाचण्या लहान आहेत, वर्षानुवर्षं घेण्याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. तुमच्या आईंच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती २०१८ मधली एक छोटी भारतीय चाचणी. थायरॉईड किंचित मंदावलेल्या ५० जणांवर ती झाली. ६०० मिलिग्रॅम अश्वगंधाने आठ आठवड्यांत थायरॉईडची संप्रेरकं वाढली आणि टीएसएच उतरला. विक्रेते याचा अर्थ "थायरॉईडवर गुणकारी" असा लावतात. पण जी बाई आधीच थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या संप्रेरकाची, मोजून ठरवलेली मात्रा घेते, तिच्यात ही वाढ मात्रेच्या वर जाऊन बसते. छातीत धडधड, हात थरथरणं, वजन घटणं, झोप उडणं, आणि साठीनंतर हाडं ठिसूळ होणं व हृदयाचे ठोके अनियमित होणं, हे सगळं त्यातून संभवतं. झोपेसाठी घेतलेल्या गोळीने झोप उडाली की लोक मात्रा दुप्पट करतात, तेही मी पाहिलंय.

यकृतावर अश्वगंधाचा परिणाम झाल्याच्या नोंदी आइसलँड आणि अमेरिकेतून २०२० मध्ये, नंतर भारतातूनही आल्या. डेन्मार्कने २०२३ मध्ये पूरकांतल्या अश्वगंधावर बंदी घातली. ती बंदी जरा टोकाची आहे असं माझं मत. त्यामागच्या अहवालावर आपल्याकडच्या तज्ज्ञांनी घेतलेले काही आक्षेप मला पटतात. पण डबी घेताना एक गोष्ट जरूर पाहा: मूळ वापरलंय की पानं? परंपरेने मूळ वापरतात. पानं स्वस्त पडतात, त्यांत विथाफेरिन-ए हे जहाल द्रव्य जास्त असतं, आणि काही उत्पादक अर्कात पानं मिसळतात. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयानेच पानं वापरू नयेत असं उत्पादकांना कळवलं होतं. डबीवर "मूळ" असा स्पष्ट उल्लेख नसेल तर ती घेऊ नका.

कारलं-जांभळाच्या रसाबद्दल थोडक्यात. कारल्याने साखर थोडी उतरते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, त्यानेही उतरते. दोन्ही मिळून, त्यात एखाद्या एकादशीचा उपास आला, तर पहाटे घाम फुटून भोवळ येते. कारल्याची भाजी खुशाल खा.

रसांवरून आठवलं. दुधी भोपळ्याच्या कडू रसाने माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) त्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती. दुधी, काकडी, घोसाळं या कुळात कुकरबिटासिन नावाचं कडू विष तयार होऊ शकतं. समितीचा सल्ला साधा होता: रस काढण्यापूर्वी एक फोड चाखा, कडू लागली तर दुधी टाकून द्या, आणि रस पिऊन पोटात कळा, उलटी, जुलाब सुरू झाले तर लगेच रुग्णालय गाठा. भाजीत एक कडू घास लागला तर आपण थुंकून टाकतो. रस मात्र "कडू म्हणजे गुणकारी" म्हणत नाक दाबून ग्लासभर संपवला जातो. "झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार" या वाक्याला याहून स्पष्ट उत्तर माझ्याजवळ नाही.

मोरिंगा म्हणजे आपला शेवगा. वाळलेल्या पाल्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २८ मिलिग्रॅम लोह, असं डबीवर मोठ्या अक्षरात असतं. १०० ग्रॅम कोण खातं? चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम पावडर घेतली तर लोह मिळतं दीड मिलिग्रॅमहून कमी. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार पाळी चालू असलेल्या स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लागतं. शिवाय पालेभाजीतलं लोह जेमतेमच शोषलं जातं, त्यावर चहा घेतला तर आणखी कमी. शेवग्याच्या पाल्याची भाजी करा, लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या, पैसेही वाचतील. पावडरच घ्यायची तर थायरॉक्सिनच्या गोळीनंतर चार तासांनी, कारण लोह आणि कॅल्शियम त्या गोळीच्या शोषणात अडथळा आणतात. इसबगोल आणि सोया प्रोटीनलाही हाच नियम लावा. "गोळी नियमित घेते तरी टीएसएच वाढतोच कसा?" या प्रश्नाचं उत्तर बरेचदा सकाळच्या त्या हिरव्या ग्लासात असतं.

आणि बी-१२. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांच्या रक्ततपासण्या केल्या तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर त्याहून जास्त. कुठल्याही झाडाच्या पानात, मुळात, फळात माणसाला भरवशाने पुरेल असं बी-१२ नसतं. स्पिरुलिनात जे असतं त्यातलं बहुतांश बी-१२ सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला निरुपयोगी द्रव्य असतं. तुमच्या आई शाकाहारी असतील तर आधीच उणीव असण्याची शक्यता मोठी, आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या मेटफॉर्मिनने ती वाढते. पायांना मुंग्या, विसराळूपणा, थकवा, जिभेची आग यांतलं काही असेल तर ते वय झाल्याचं लक्षण मानू नका. जिवाणूंपासून तयार केलेली बी-१२ ची साधी गोळी शाकाहारी असते आणि स्वस्तही असते. सहा डब्या जमवलेल्या कपाटात ज्या एका पूरकाची खरी गरज असण्याचा संभव सगळ्यात जास्त, तेच नसतं, हे मला फार वेळा दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं.

वनस्पतीजन्य पूरकांत मी स्वतः लिहून देते असं एक आहे: इसबगोल. बद्धकोष्ठता, कोलेस्टेरॉल आणि जेवणानंतरची साखर, तिन्हींवर त्याचा पुरावा भक्कम आहे. मोठा ग्लासभर पाण्यातून घ्यायचं, कोरडं कधीच नाही, आणि इतर औषधांपासून अंतर ठेवून. त्याची जाहिरात फारशी दिसत नाही.

कायद्याचं कवच किती आहे, हेही विचारात घ्या. आपल्याकडे पूरकं अन्न म्हणून विकली जातात. त्यांचे नियम एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये केले आणि ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. डबीवर १४ अंकी परवाना क्रमांक आणि "औषधी वापरासाठी नाही" अशी सूचना असते. आयुर्वेदिक औषधाचा परवाना वेगळा, तो औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतो. तीच अश्वगंधा एका डबीत अन्न असते, दुसऱ्या डबीत औषध. विक्रीआधी त्या विशिष्ट उत्पादनाची माणसांवर चाचणी झालेली असलीच पाहिजे, अशी सक्ती सरसकट नाही. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. म्हणून तुकडीनिहाय जड धातूंचा तपासणी अहवाल मागितल्यावर जी कंपनी देते, तिचंच उत्पादन घ्या. लेबल नसलेल्या पुड्या, "सात दिवसांत गुडघे मोकळे" म्हणणारी चूर्णं आणि वजन उतरवणारे चहा यांपासून दूर राहा. अशा सांधेदुखीच्या चूर्णांत स्टेरॉइड आणि वजनाच्या उत्पादनांत सिब्युट्रामिन हे हृदयाला घातक म्हणून मागे घेतलेलं औषध सापडलेलं आहे.

आईंशी बोलताना डब्यांपासून सुरुवात करू नका. कोणती डबी कशासाठी आणली ते विचारा: झोप, गुडघे, थकवा, साखर. त्या चार तक्रारी कागदावर लिहा, सगळ्या डब्या एका पिशवीत घाला आणि दोन्ही घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. तपासण्या या करून घ्या: टीएसएच, यकृताच्या चाचण्या, क्रिएटिनिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. आई वैद्यांकडे जात असतील तर त्यांनाही थायरॉईडच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या दाखवा. नाडी पाहून, प्रकृती पाहून ठरावीक काळासाठी दिलेलं औषध आणि फोनवरून मागवून वर्षभर घेतलेला अर्क यांत फरक आहे, आणि तो चांगल्या वैद्यांना माझ्याहून जास्त खुपतो.

कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल, मोतीबिंदूची का असेना, तर सगळी पूरकं निदान दोन आठवडे आधी थांबवा आणि भूलतज्ज्ञांना तसं सांगा.

भूक मेली, मळमळ होतेय, अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी सगळं बंद करून यकृताची तपासणी करा. अशा वेळी लोक घाबरून डब्या फेकून देतात. फेकू नका. उरलेल्या कॅप्सूल, वेष्टन, तुकडी क्रमांक आणि खरेदीची पावती जपून ठेवा. त्यात नेमकं काय होतं ते तपासायला तेवढाच पुरावा असतो. त्रासाची नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाचे नातेवाईकही करू शकतात.